चावडीवाचन आणि संगणकीय नोंद : उजनीकाठावरून एक भाषिक मीमांसा

१

माहिती-तंत्रज्ञानासंबंधी महाराष्ट्र शासनाने १९९८ पासून वेळोवेळी जी धोरणे जाहीर केली, त्यांची चर्चा बहुधा दोन अंगांनी झाली आहे. उद्योगाच्या अंगाने पाहणाऱ्यांनी किती भांडवल आले व किती जणांस काम मिळाले याचा हिशेब मांडला. प्रशासनाच्या अंगाने पाहणाऱ्यांनी किती दाखले व किती उतारे संगणकावरून मिळू लागले याची मोजदाद केली. हे दोन्ही हिशेब आवश्यकच आहेत. तथापि संगणकावर चढलेली शासकीय नोंद ही अखेरीस एक भाषिक विधान असते. अमुक जमीन अमक्याची आहे, तीत अमुक पीक उभे आहे, तिच्यावर अमुक बोजा आहे, असे शासन त्या नोंदीतून म्हणत असते. तेव्हा कोणत्याही विधानाबाबत जे प्रश्न विचारावयाचे, ते याही विधानाबाबत विचारणे प्राप्त आहे. हे विधान कोणास उद्देशून केलेले आहे? ते कोणाच्या कानावर पडते? ते खरे नसल्यास ‘हे खरे नाही’ असे म्हणावयास जागा कोठे आहे? धोरणाच्या चर्चेत या प्रश्नांना फारसे स्थान मिळालेले नाही. उजनी धरणाकाठच्या गावांच्या अनुभवावर घासून ते तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

भीमा नदीवर माढा तालुक्यात उजनी येथे बांधलेले धरण १९८० साली पूर्ण झाले. यशवंतसागर या नावाने ओळखला जाणारा त्याचा जलाशय सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत मावत नाही. तो पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांतही पसरला आहे. एका काठास करमाळा तालुक्यातील केत्तूर, वाशिंबे, चिखलठाण, कुगाव ही गावे. समोरच्या काठास इंदापूर तालुक्यातील पळसदेव, कळाशी ही गावे. जुनी गावठाणे पाण्याखाली गेली, माणसे वर सरकली अथवा दूरच्या तालुक्यांत जाऊन वसली. धरणाने या मुलखास पाणी दिले, तसा एक शब्दसंग्रहही दिला. बुडीत क्षेत्र, लाभक्षेत्र, प्रकल्पग्रस्त, संपादन, पुनर्वसन, गाळपेर हे शब्द मुळात कार्यालयातील टिपणींचे. परंतु दोन पिढ्यांत ते घरातील बोलण्याचे झाले आहेत.

यांपैकी एका प्रयोगाकडे विशेष लक्ष देण्यासारखे आहे. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफुटांचा, त्यातील ६३.६६ अब्ज घनफूट हा मृत साठा व ५३.५७ अब्ज घनफूट हा उपयुक्त साठा. रोज जो टक्का प्रसिद्ध होतो, तो एकूण साठ्याचा नव्हे, उपयुक्त साठ्याचा असतो. त्यामुळे पाणी मृत साठ्याच्या पातळीखाली गेले की टक्का शून्याच्याही खाली उतरतो, आणि ‘उजनी वजामध्ये गेली’ अथवा ‘मायनसमध्ये गेली’ असे लोक म्हणतात. २०२४च्या उन्हाळ्यात हा आकडा वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. वजा ५० याचा अर्थ धरण कोरडे पडले असा नव्हे. त्याही वेळी धरणात सुमारे ३७ अब्ज घनफूट पाणी असते. परगावच्या वाचकास हे कोडे वाटेल; उजनीकाठच्या अल्पशिक्षित शेतकऱ्यासही ते कोडे वाटत नाही. टक्का इतका उतरला म्हणजे मोटार किती पुढे सरकवावी लागेल, नळाला किती जोड द्यावे लागतील, पळसदेवचे जुने देऊळ पाण्याबाहेर कितपत आले असेल, हे तो त्या आकड्यावरून सांगू शकतो.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, तांत्रिक माहिती खेड्यातील माणसास समजत नाही, हा समज निराधार आहे. जी माहिती रोज जाहीर होते, पारावर व हॉटेलात मोठ्याने वाचली जाते, आणि पाण्याकडे पाहून पडताळता येते, ती त्याने पूर्णपणे आत्मसात केलेली आहे. दुसरी अशी की, आकड्यालाही दृष्टिकोन असतो. ज्या पाण्याला ‘मृत’ म्हटले आहे, त्यावरच काठच्या गावांची उन्हाळी पिके आणि मासेमारी जगते. ‘मृत’ हा शब्द लाभक्षेत्राच्या बाजूने पाहून योजलेला आहे, काठाच्या बाजूने नव्हे. शासकीय परिभाषा तटस्थ असते, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे.

३

आता धोरणविषयक लेखांच्या भाषेकडे वळावयाचे. केंद्राचा माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० साली झाला. त्याच्या कलम ४ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास कागदी अभिलेखाच्या बरोबरीची विधिमान्यता दिली, आणि कलम ६ने शासकीय कार्यालयांस अशा अभिलेखाद्वारे अर्ज घेण्याची व परवाने देण्याची वाट मोकळी केली. परंतु त्याच अधिनियमाचे कलम ९ फारसे उद्धृत केले जात नाही. कलम ६, ७ व ८ यांच्या आधारे अमुक दस्तऐवज शासनाने इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच स्वीकारावा अथवा द्यावा, असा आग्रह धरण्याचा अधिकार कोणासही प्राप्त होत नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ज्या कायद्याने संगणकीय शासनाचा पाया घातला, त्यानेच ही बाब नागरिकाचा हक्क नसून शासनाची सोय आहे, हे स्पष्ट करून ठेवले.

महाराष्ट्राने २०११ साली ई-प्रशासन धोरण स्वीकारले आणि २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम केला. या दुसऱ्या कायद्याच्या नावातच ‘हक्क’ हा शब्द आहे, आणि त्याचे श्रेय त्यास दिले पाहिजे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा पात्र व्यक्तीस हक्क आहे; ती न मिळाल्यास अपिलाची सोय आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास दंडही आहे. तथापि हा हक्क कशाचा, हे बारकाईने पाहिले पाहिजे. उतारा वेळेवर हाती पडण्याचा तो हक्क आहे. उताऱ्यात लिहिलेले खरे असण्याशी त्याचा थेट संबंध नाही. चुकीचा उतारा मुदतीत मिळाला, तर या कायद्याच्या दृष्टीने सेवा पूर्ण झाली.

या लेखांतील नामे व क्रियापदे पाहिली असता हाच कल दिसून येतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याने जमिनीच्या नोंदीस ‘अधिकार अभिलेख’ असे म्हटले. तेथील नोंद ‘घेतली’ जाते, तिला ‘हरकत’ येते, ती ‘प्रमाणित’ होते. संगणकीय धोरणाच्या भाषेत तीच नोंद ‘सेवा’ होते; ती ‘वितरित’ केली जाते, आणि घेणारा ‘लाभार्थी’ अथवा ‘वापरकर्ता’ ठरतो. हरकत घेणाऱ्यास या वाक्यात कर्ता म्हणून उभे राहावयास जागाच उरत नाही. लाभक्षेत्र व बुडीत क्षेत्र अशी विभागणी ज्यांच्या वाट्यास आली, त्या उजनीकाठच्या लोकांना ‘लाभ’ या शब्दाचा हा गुण नव्याने समजावून सांगावयास नको.

४

या धोरणाविषयी लोकांत झालेला वाद तीन प्रकारचा आहे. स्वागत करणारे म्हणतात की, तलाठ्याच्या मर्जीवर अवलंबून राहणे संपले, खेटे वाचले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. पंधरा रुपयांत तो कोठूनही काढता येतो. यात तथ्य आहे, आणि उजनीकाठी तर ते विशेष आहे. जलाशयाने एकेकाळच्या शेजारी गावांमध्ये पाणी आणून ठेवले. समोर दिसणाऱ्या गावी जावयाचे तर लांबचा वळसा घ्यावा अथवा होडीत बसावे. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळात उलटून सहा जणांचा अंत झाला. ज्यांचे नातलग एका काठी व जमीन दुसऱ्या काठी, आणि दोन काठ दोन जिल्ह्यांत, त्यांना घरबसल्या उतारा मिळणे ही चैन नव्हे.

आक्षेप घेणारे म्हणतात की, गावात रेंज नसते, वीज नसते, वृद्धांस यंत्र हाताळता येत नाही. हेही खरे आहे. पण हा आक्षेप केवळ पोहोचण्याविषयीचा असल्यामुळे मनोरा उभा राहताच तो निरुत्तर होतो. तिसरा वर्ग भाषाभिमान्यांचा. संगणकावर मराठी असावी, ती शुद्ध असावी, ‘इंटरनेट’ला ‘आंतरजाल’ म्हणावे की ‘महाजाल’, मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ टंकात असावेत की नाही, हा त्यांचा विषय. देवनागरी लिपी व वर्णमाला यांविषयी शासनाने २००९ साली निर्णय काढला, तो याच चर्चेचे फळ आहे. हे कार्य मोलाचे असले, तरी नोंदीचा शब्द मराठी असणे आणि ती नोंद मराठी माणसांत वाचली जाणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. तिन्ही पक्ष नोंद माणसापर्यंत जाण्याचा विचार करतात. माणसाचे उत्तर नोंदीपर्यंत कसे यावे, याचा विचार तिघांच्याही वादात अपुराच राहिला आहे.

५

१९६६च्या अधिनियमाने हा विचार केला होता. कलम १५० अन्वये फेरफाराची नोंद घेतल्यावर तलाठ्याने तिची प्रत चावडीत ठळक जागी लावावयाची, संबंधितांस लेखी सूचना द्यावयाची, आणि हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहावयाची. तिच्या निर्णयानंतरच नोंद प्रमाणित व्हावयाची. याला महत्त्व येते ते कलम १५७मुळे. प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे नोंदीला खरेपणाचे जे गृहीत कायद्याने दिले, त्याची किंमत म्हणून ती आधी चारचौघांत ठेवण्याची अट घातली.

तलाठ्यास अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असे पदनाम मिळाले, आणि चावडीस ‘आपली चावडी’ या नावाने महाजालावर स्थान मिळाले. फेरफाराची सूचना आता तेथे पाहता येते. नाव तेच असले, तरी कृती बदलली आहे. चावडीतील कागद जाता-येता कोणाच्या तरी नजरेस पडे. त्याविषयी बोलणे होई. ज्याचा संबंध त्यास शेजारी सांगे. पडद्यावरील सूचना ज्यास आपल्याविरुद्ध काही घडत आहे असा आधीच संशय आहे, त्यानेच जाऊन शोधावयाची. जिल्हा, तालुका, गाव निवडून तिच्यापर्यंत जाणारा माणूस हा वाचक नसून शोधक असतो. पहिल्या प्रकारात माहिती माणसाकडे येते, दुसऱ्यात माणसाने माहितीकडे जावयाचे असते. दोहोंस ‘प्रसिद्धी’ हाच शब्द लावणे भाषिकदृष्ट्या सैल होय.

शासनास ही उणीव एकदा स्वतःसच जाणवली होती, हे नमूद केले पाहिजे. हस्तलिखित सातबारा संगणकावर घेताना असंख्य तफावती उत्पन्न झाल्या. त्या दुरुस्त करण्यासाठी २०१७ साली संगणकीकृत सातबाराच्या चावडीवाचनाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. गावकऱ्यांसमोर नोंदी वाचून दाखवावयाच्या, चुका लिहून घ्यावयाच्या व सुधारावयाच्या. यंत्राने सिद्ध केलेल्या अभिलेखाची अंतिम तपासणी माणसांच्या कानांनी करावी लागली, ही घटना क्षुल्लक नाही. दुर्दैव असे की, ही संगणकीकरणातील एक तात्पुरती पायरी मानली गेली. ते संगणकीय नोंदीचे कायमचे अंग व्हावयास हवे होते.

६

चुका कोणत्या प्रकारच्या होतात, हे पाहिले म्हणजे कानाचे महत्त्व पटते. मराठीत अर्ध्या ‘र’ची दोन रूपे आहेत. ‘कऱ्हाडे’ यातील अर्धा र जुन्या टंकांत साधत नसल्यामुळे ते आडनाव कोठे ‘कर्हाडे’, कोठे ‘क-हाडे’ असे लिहिले गेले. युनिकोड आल्यावरही हा अर्धा र दोन निरनिराळ्या संकेतांनी लिहिता येतो. डोळ्यास दोन्ही सारखे दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. त्यात रोमन लिपीची भर पडली. ओळखपत्रावर व बँकेत नाव रोमन लिपीत चढते, आणि त्या लिपीत ‘ळ’ व ‘ल’, ‘ण’ व ‘न’ यांतील भेद उरत नाही. तेथून परत देवनागरीत येताना ‘काळे’ याचे ‘काले’ होते. शासकीय योजनेसाठी सातबारा, ओळखपत्र व बँक खाते या तिन्ही ठिकाणचे नाव जुळावे लागते, तेव्हा एका वर्णाचा हा फरक पैशाचा होतो.

हे नाव चावडीत मोठ्याने उच्चारले गेले असते, तर ‘काले नव्हे, काळे’ असे दहा जण एकदम बोलले असते. माणसाचे नाव ही बोलीतील वस्तू आहे. त्याचे प्रमाण गावाच्या तोंडी असते. लेखनाच्या चुका दुरुस्त करण्यासाठी अधिनियमात कलम १५५ आहेच. पण त्यासाठी चूक प्रथम कोणाच्या तरी लक्षात यावी लागते. अर्ज नामंजूर झाल्यावर ती लक्षात येते, तोवर हंगाम निघून गेलेला असतो.

७

उजनीकाठी ही समस्या वर्णांवर थांबत नाही. प्रकल्पग्रस्तांस पर्यायी जमीन मिळाली, ती बहुधा भोगवटादार वर्ग २ म्हणून. तिच्या हस्तांतरणास परवानगी लागते. ‘वर्ग २’ या दोन शब्दांमागे एका कुटुंबाच्या विस्थापनाचा इतिहास आहे, पण उताऱ्यावर तो केवळ एक संकेत आहे. त्याचा अर्थ सांगणारे जुने जाणते जमिनीजवळ बसलेले असत. प्रत सेवा-केंद्रातील यंत्रातून बाहेर पडते, तेव्हा अर्थ सांगणारा तेथे नसतो.

पीकपाहणीत हा भेद अधिक ठळकपणे दिसतो. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, आणि शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवरून करावी, असे ठरले. ‘माझे पीक मी सांगेन’ ही कल्पना उदार आहे. परंतु तीत ‘मी’ म्हणजे खातेदार. जुन्या पद्धतीत तलाठी शेतावर येई, आणि अभिलेखात नाव नसलेला कोणी प्रत्यक्ष कसताना आढळल्यास नमुना चौदामध्ये तहसीलदारास कळवी. ती पद्धत निर्दोष होती असे नाही. अनेकदा पाहणी चावडीत बसूनच होई. तरीही ‘कसणारा कोण?’ हा प्रश्न तीत व्याकरणतः शक्य होता. खातेदाराच्या प्रथमपुरुषी निवेदनात तो विचारलाच जात नाही. काही नोंदींची पडताळणी तलाठ्याने करावी अशी तरतूद आहे. पण पडताळणी सांगितलेल्याची होते, न सांगितलेल्याची नव्हे.

गाळपेर जमीन हे याचे टोकाचे उदाहरण. पाणी ओसरले की उघडी पडणारी ही जमीन शासनाच्या मालकीची. ती हंगामापुरती कसली जाते व पुन्हा पाण्याखाली जाते. अनेकांसाठी ती वडिलोपार्जित शेतीच असते, कारण संपादनापूर्वी ती त्यांच्याच घराण्याची होती. ही जमीन काही महिने शेत असते आणि काही महिने तळे. ‘आहे’ अथवा ‘नाही’ एवढेच जाणणाऱ्या तक्त्यात ‘असते’ हे मराठी क्रियापद मांडावयाचे कसे, हा प्रश्न यंत्राचा नाही. तक्ता आखणाऱ्याने कोणास विचारले, याचा आहे.

८

येथे एका आक्षेपाचा परामर्श घेतलाच पाहिजे. चावडीविषयी इतक्या आपुलकीने बोलावे, अशी ती संस्था होती काय? चावडीत कोणी बसावे व कोणी बाहेर उभे राहावे, हे जातीने ठरत असे. स्त्रियांचा तेथे वावर नव्हता. बहिणीचे नाव वगळून वारसनोंद झाली, ती अनेकदा सर्व गावाच्या देखत व गावाच्या संमतीनेच झाली. मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा महाराष्ट्रात १९९४ साली व देशभर २००५ साली मिळाला; सासरी राहणारी एखादी स्त्री आज कोणासही न विचारता आपले नाव उताऱ्यावर आहे की नाही हे पाहू शकते, ते या संगणकीय नोंदीमुळेच.

हा आक्षेप बिनतोड आहे, आणि त्याने वरील विवेचनास आवश्यक ती मर्यादा घातली आहे. जुन्या चावडीकडे परत जाणे शक्य नाही आणि इष्टही नाही. परंतु यावरून एवढेच सिद्ध होते की, चावडीतील दोष वाचनाचा नव्हता, श्रोत्यांच्या निवडीचा होता. पडद्याने ही निवड मोडली, हे त्याचे मोठे कार्य. मात्र निवड मोडताना त्याने श्रोतेच विखुरले. प्रत्येकास एकट्याने वाचावयास लावले. एकट्याने वाचलेली नोंद खाजगी शंका उत्पन्न करते, सार्वजनिक हरकत उत्पन्न करीत नाही.

तेव्हा उपाय या दोहोंच्या मधून शोधावयाचा आहे, आणि तो खर्चाचा नाही. ग्रामसभा कायद्याने सर्व प्रौढांची आहे. तीत बसावयास जात वा लिंग आड येत नाही. वर्षातून निदान एकदा गावचे संगणकीकृत फेरफार तेथे मोठ्याने वाचले जावेत. विस्थापित होऊन दूर गेलेल्यांस त्या वाचनाची पूर्वसूचना त्यांच्या मोबाइलवर जावी. यंत्राचा खरा उपयोग तेथे आहे. वाचनात निघालेल्या हरकतीस क्रमांक मिळावा आणि तिच्या निर्णयास लोकसेवा हक्क अधिनियमाची मुदत लागू व्हावी. असे झाले तर सेवेचा हक्क व सत्याचा हक्क एका ठिकाणी येतील.

९

माहिती-तंत्रज्ञानाचे धोरण किती वेगवान, यावरून त्याची परीक्षा होत आली आहे. उजनीकाठचा अनुभव दुसरी कसोटी सुचवितो. धरणाचा टक्का हा शासनाने दिलेला आकडा; पण लोकांनी तो मोठ्याने वाचला, पाण्याशी ताडून पाहिला, त्याच्याशी भांडले, आणि तो त्यांच्या भाषेचा झाला. सातबारावरील नोंदीस ते भाग्य अद्याप लाभलेले नाही. ती त्वरेने मिळते, स्वच्छ छापलेली असते, तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी असते. परंतु ‘हे खरे नाही’ असे म्हणणारा आवाज तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट अजून अरुंद आहे. ज्या विधानास उत्तर देता येत नाही, त्याला भाषेत आज्ञा म्हणतात. अधिकार अभिलेख आज्ञेच्या पातळीवर उतरू नये, एवढी काळजी धोरण आखणाऱ्यांनी आणि त्यावर वाद घालणाऱ्यांनीही घ्यावयाची आहे.